घोड्याची चोच

डुलुथच्या दुकानदाराने ते काउंटरवर नीट ठेवूही दिलं नाही.
"नवं घ्या," म्हणाला, "याच्या दुरुस्तीत दोन येतील."
हिबिंगच्या माणसाने चक्रीला अंगठा लावून पाहिला,
ती हलेना. हात टेकून त्याने एक नाव सांगितलं:
स्टान्को पेटेर्लिन, ईली गावाच्या अलीकडे. पाटी नाही,
अंगणात उलटी होडी दिसली की वळा.

मला तीन उलट्या होड्या दिसल्या.
तिसऱ्या अंगणातला कुत्रा भुंकला नाही, म्हणून तिथे उतरले.

म्हातारा ऐंशीच्या पुढचा. बोटं तेलाने काळी,
नखं मात्र सुइणीसारखी बारीक कापलेली.
मी टॉवेल उलगडला, आईचा, कोंबड्यांच्या नक्षीचा.
आत वडिलांचं रिव्हॉल्व्हर:
सौनाच्या माळ्यावर, बर्चच्या ढलप्यांमागे
बत्तीस वर्षं वाफ खाऊन तांबूस झालेलं.

"सौनात?" तो म्हणाला. "फिनिश लोक!"
आणि त्या दोन शब्दांत माझं अख्खं कूळ धुऊन काढलं.
"भरलेलं आहे?"
"माहीत नाही."
त्याने नळी वाळूच्या बादलीकडे वळवली,
माझ्याकडे न बघता म्हणाला, गुरुवारी ये.

गुरुवारी चक्री फिरत होती.
पण प्रत्येक घर नळीसमोर येता येता थोडं अलीकडेच थांबायचं.
"जमेल ते," म्हणाला. स्प्रिंग दमलेली,
मुठीची अक्रोडी फळी तडकलेली,
नळीत आतून देवीचे वण. "तेही बरेचसे जातील."
मग घोडा मागे ओढला आणि भिंग माझ्या हातात दिलं.
"चोच बघ."

काडतुसाला टोचते ती चोच
अर्धं सूत आखूड होती.
"झिजली?"
"झीज इतकी सपाट नसते. ही कानस आहे."
भिंग परत घेतलं, शर्टाला पुसलं.
"माझी."

सत्त्याहत्तरचा मार्च.
वेइक्को बर्फ फुटून तळ्यात गेला, त्यानंतरचा पाचवा आठवडा.
तुझी आई आली. कोट काढला नाही.
एइनोची खाणीतली पाळी सुटायच्या आत
तिला ते परत जागेवर ठेवायचं होतं.
दिसायला फरक पडू नये, म्हणाली.
मी म्हटलं, बाई, हे माझ्या धंद्याविरुद्ध आहे.
ती म्हणाली, असेल. कानस कुठे आहे?
दोन डझन अंडी ठेवून गेली.

मग त्याने खणातून एक बशी काढली.
सहा काडतुसं, हिरवी पडलेली.
पाचांच्या बुडाला काही नाही.
सहाव्याच्या मधोमध एक खूण,
लोण्यावर नख टेकावं एवढी.

स्टोव्हवर कॉफी उतू गेली.
दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

वडील दर रविवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून
ते पुसत बसायचे. एका रविवारी
त्यांनी वर्तमानपत्र नुसतंच वाचलं.
मी अकरा वर्षांची, मला वाटलं, कंटाळले असतील.
त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वयंपाकघराला नवी खिडकी पाडली,
रस्त्याच्या बाजूला,
आणि तळ्याकडची फळ्या ठोकून बंद केली.
आई फळ्या धरून उभी होती,
ते खिळे मारत होते, ती खिळे पुरवत होती.
त्यांनी तिला काही विचारलं असेल
तर ते माझ्या देखत नाही.

"नवी चोच आहे माझ्याकडे," पेटेर्लिन म्हणाला. "बसवू?"
"बाकी सगळं करा."
"मग ते रिव्हॉल्व्हर कसलं?"
"माहीत नाही," मी म्हटलं, दुसऱ्यांदा.

त्याने बिल लिहिलं: चक्री, स्प्रिंग, मूठ, नळी.
त्याखाली 'चोच', आणि पुढे रेघ.
याचे एकदा मिळालेत, म्हणाला.

न्यायला गेले तेव्हा मी दोन डझन अंडी नेली.
त्याने खोका उघडला,
एक उचलून दिव्यासमोर धरलं,
"दुकानातली," म्हणाला,
आणि ठेवून घेतली.